14 महिन्यांची मुलगी, वजन 6.8 किलो: आयुर्वेदात 'वजन वाढायचं औषध' आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. लेक 14 महिन्यांची, वजन 6.8 किलो, दंडाचं माप 12 सेंटीमीटर, अंगणवाडीताईंनी वहीत 'मॅम', म्हणजे मध्यम कुपोषण, लिहिलंय. तुम्हाला पुन्हा दिवस गेलेत, चौथा महिना चालू आहे, ते कळल्यावर सासूबाईंनी अंगावरचं दूध तोडायला लावलं आणि तेव्हापासून पोरगी पेजेवर आणि चहा-बिस्किटावर आहे. भूक नाही, पोट पुढे आलंय, हातपाय बारीक, दिवसभर किरकिर, अजून चालत नाही. शेजारची म्हणते मुडदूस आहे. आणि तुम्हाला हवंय वजन वाढायचं आयुर्वेदिक औषध, शिवाय सुवर्णप्राशन, म्हणजे सोन्याचं चाटण, द्यावं का आणि दूध गाईचं की म्हशीचं.

मी वैद्य आहे, जव्हार-मोखाड्याच्या बाजूला बरीच वर्षं लहान मुलंच जास्त बघते. हा प्रश्न माझ्याकडे जवळजवळ रोज येतो आणि येणारी प्रत्येक आई बाटलीच मागते. पण आमच्या ग्रंथांत वाळत चाललेल्या मुलाला पहिल्याच दिवशी पुष्टीचं काही द्या असं सांगितलेलं नाहीये, भूक का मेली ते शोधा, ती जागी करा, मग हलकं अन्न, मग जड अन्न, आणि मग शेवटी पुष्टीचं औषध, असा क्रम आहे. बाजारात नेमका उलटा क्रम चालतो.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट, कारण तुमची केस घरी सांभाळायची की दवाखान्यात, ते ठरवायला हवं. 14 महिन्यांच्या मुलीचं सरासरी वजन साडेनऊच्या आसपास असतं, 7.4 च्या खाली गेलं की कमी वजन आणि 6.6 च्या खाली गेलं की फारच कमी. म्हणजे तुमची लेक त्या खालच्या रेषेपासून दोनशे ग्रॅमवर उभी आहे, एक जुलाबाचं आजारपण आलं की खाली. दंडाची पट्टी साडेबारा ते साडेअकरा सेंटीमीटरमध्ये असेल तर मध्यम कुपोषण, ज्याला अंगणवाडीताई मॅम म्हणतात, आणि साडेअकराच्या खाली सॅम म्हणजे अतितीव्र. तुमचं 12 आहे, घरी करता येण्यासारखं आहे. फक्त आज एवढं करा, तिच्या दोन्ही पावलांवर वरच्या बाजूने अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरा आणि अंगठा काढा. दोन्हीकडे खळगा तसाच राहिला तर ती सूज आहे आणि मग वजन-माप काहीही असो, थेट दवाखान्यात न्यायचं, पोषण पुनर्वसन केंद्र असेल तिथे. सुजलेलं मूल गुबगुबीत दिसतं, आजी खूष असते की बाळसं धरलं, आणि आतून मूल बुडत असतं, हे मी फार वेळा बघितलंय.

आता तुमच्या लेकीला झालंय काय. आयुर्वेदात कुपोषण असा एकच शब्द नाही, पाच-सहा वेगवेगळी चित्रं आहेत, कारणाप्रमाणे वेगळी केलेली. तुम्ही जे लिहिलंय ते वाचून आयुर्वेद शिकलेला कोणीही पारिगर्भिक म्हणेल. माधवनिदान या आमच्या जुन्या ग्रंथात हा आजार आहे: आईला पुन्हा दिवस जातात, मूल तिचंच दूध पीत असतं, आणि मग खोकला, उलटी, अग्नी म्हणजे पचनशक्ती मंद, गुंगी, अरुची, अंग वाळणं आणि पोट वाढणं. तुमच्या मेसेजमध्ये यातली चार लक्षणं आहेतच. 1930 च्या दशकात सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरबाई पश्चिम आफ्रिकेत, आताच्या घानात, काम करत होत्या, त्यांनी जे सुजलेल्या मुलांचं चित्र जगापुढे मांडलं त्याचंही मूळ हेच होतं, पाठचं भावंड आलं की आधीचं मूल दुधावरून उतरतं आणि नुसत्या मक्याच्या पेजेवर पडतं. इथे मका नाही, तांदूळ आहे, एवढाच फरक.

इथे माझं मत ग्रंथापेक्षा जरा वेगळं आहे ते सांगून टाकते. ग्रंथाचा रोख गर्भिणीचं दूध मुलाला बाधतं यावर आहे, आणि सासूबाई तेच म्हणतायत. मला रोज जे दिसतं ते असं की दुधाने काही होत नाही, दूध आटतं आणि त्याच्या जागी काहीच येत नाही, त्याने होतं. दिवस गेले की दूध कमी होतं हे खरंय. पण आधी गर्भपात किंवा वेळेआधी बाळंतपण झालेलं नसेल, पोटात दुखणं किंवा अंगावरून जाणं नसेल तर गरोदरपणात पाजायला सहसा हरकत नसते, तुमच्या डॉक्टरला एकदा विचारून घ्या. तुमचं तोडून महिना झालाय असं दिसतंय, दूध आटलं असेल तर आता जबरदस्तीने परत सुरू करायच्या मागे लागू नका, रात्री ती लुचली तर लुचू द्या. सासूबाईंशी भांडू नका, त्यांनी ऐकलेलं सांगितलं. त्यांनाच पुढचं काम लावा, कारण पुढचं काम चुलीपाशीच आहे.

चालण्याबद्दल. काश्यपसंहिता हा आमचा लहान मुलांचाच ग्रंथ, नेपाळात त्याची अर्धवट पोथी सापडली आणि 1938 मध्ये छापली गेली, नाहीतर आम्हालाही नावापलीकडे फारसं माहीत नसतं. त्यात फक्क नावाचा रोग आहे, वर्षाचं झालं तरी पायांनी चालत नाही ते मूल फक्क. त्याचे तीन प्रकार दिलेत: बिघडलेल्या दुधामुळे होणारा, आईला पुन्हा दिवस गेल्यामुळे होणारा आणि जुन्या आजारामुळे होणारा. तिसऱ्याचं वर्णन वाचलं की अंगावर काटा येतो, कुल्ले-दंड-मांड्या वाळलेल्या, पोट आणि डोकं मोठं, हाडांचा सापळा दिसतोय. म्हणजे 'चालत नाही' या तक्रारीखाली काश्यपाने अन्नाची कमतरता, आईची अवस्था आणि जुनाट रोग तिन्ही एकत्र बघितले होते. मला हे फार मोठं वाटतं. आणि उपचारात तुपं आणि तेलाच्या मालिशीबरोबर चक्क तीन चाकांचा फक्करथ सांगितलाय, धरून चालायला, आपला पांगुळगाडाच की. तुमच्या लेकीचं म्हणाल तर ती धरून उभी राहत असेल तर अजून घाबरू नका, आताचे बालरोगतज्ज्ञ 18 महिन्यांपर्यंत वाट बघतात. धरूनही उभी राहत नसेल, मान-पाठ सैल वाटत असेल तर मात्र दाखवा.

आणि मुडदूस वेगळा. त्यात हाडं मऊ पडतात, मनगटं रुंद होतात, पाय वाकतात, टाळू उशिरा भरते, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमचा तो प्रश्न आहे. दोन्ही एका मुलात असू शकतात, पण बारीक म्हणजे मुडदूस असं नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात तेल लावून बसवायची आपली जुनी रीत मला आवडते, तेलासाठीही आणि आईला अर्धा तास मुलाजवळ बसायला मिळतं म्हणूनही, पण खरा मुडदूस असेल तर नुसत्या उन्हावर विसंबू नका, डॉक्टर ड जीवनसत्त्वाचा डोस देतात तो घ्या, त्यात आयुर्वेदाचा अपमान वगैरे होत नाही.

आता मुख्य मुद्दा, अग्नी. विझत आलेल्या चुलीत जाड ओंडका कोंबला तर आग वाढत नाही, उरलीसुरली पण जाते, आधी काटक्या लागतात. कृश मुलाला एकदम तूप, खारीक-बदाम, च्यवनप्राश, डिंकाचे लाडू सुरू केले की तिसऱ्या दिवशी जुलाब लागतात आणि मग सगळे म्हणतात पोराला सोसत नाही. पोटशुद्धीनंतर रुग्णाला परत जेवणावर आणायचा आमचा एक क्रम आहे, संसर्जनक्रम म्हणतात, आधी मंड म्हणजे वरचं निवळ पाणी, मग पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी म्हणजे दाट पेज, मग मुगाचं कढण, मग मांसरस. आणि आता सरकारी केंद्रात अतितीव्र कुपोषित मूल भरती झालं की काय करतात बघा, पहिले काही दिवस एफ-75 नावाचं दूध, 100 मिलीला 75 कॅलरी, दर दोन-तीन तासांनी थोडंथोडं, मूल सावरलं आणि भूक परत आली की मग एफ-100. कारण उपाशी राहिलेल्या शरीराचं यकृत, हृदय, मूत्रपिंड सगळंच मंदावलेलं असतं, पहिल्याच दिवशी पोटभर घातलं तर क्षारांचा तोल जाऊन मूल दगावू शकतं. दोन शास्त्रं, मधे कित्येक शतकांचं अंतर, पण दोन्हीकडे सुरुवात पातळ आणि थोडकीच. मी आमच्या नवीन वैद्यांना हे मुद्दाम दाखवते, कारण त्यातले निम्मे पहिल्या भेटीतच घृत म्हणजे औषधी तूप लिहून मोकळे होतात.

पण आपल्याकडे गोची अशी की बहुतेक घरं पेजेवरच थांबतात, पुढे सरकतच नाहीत. तुमच्या लेकीचंच गणित करू. तिला वाढायचं असेल तर दिवसाला साधारण 800 कॅलरी लागतील. पातळ भाताच्या पेजेची छोटी वाटी, दीडशे मिलीची, त्यात पन्नासएक कॅलरी, म्हणजे पंधरा-सोळा वाट्या पाजाव्या लागतील, आणि तिच्या पोटात एका वेळी जेमतेम दोनशे मिली मावतं. पोट तट्ट, पोरगी उपाशी. दाट केली तर गिळत नाही, पातळ केली तर पाणीच जास्त.

याला आपल्या आज्यांकडे उत्तर होतं, मोडाचं पीठ. तीन वाट्या नागली म्हणजे नाचणी आणि एक वाटी हिरवे मूग वेगवेगळे रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून टांगा, दीड-दोन दिवसांत चांगले मोड येतील, मग सावलीत खडखडीत वाळवा, हाताने चोळून मोडांच्या शेंड्या पाखडून टाका. यातलं मूठभर न भाजता वेगळं दळून ठेवा, बाकीचं मंद आचेवर खमंग भाजून दळा. भाजलेल्या पिठाची दाट खीर करा, चमचा उभा राहील इतकी दाट, गूळ-तूप घालून, खाली उतरवा, बोट लावून चटका बसेल पण हात एकदम मागे घ्यावा लागणार नाही इतपत निवली की न भाजलेलं पीठ अर्धा चमचा टाका आणि ढवळत राहा. तुमच्या डोळ्यांदेखत दोन-तीन मिनिटांत ती खीर सैल होऊन वाटीत वाहायला लागते. मोडांत स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं ते हे काम करतं, म्हणून ते पीठ भाजायचं नाही आणि उकळत्या खिरीत टाकायचं नाही, दोन्हीने ते मरतं. सैल झाली की परत एक उकळी द्या, जंतूंसाठी, तेव्हा एन्झाइम मेलं तरी चालतं, त्याचं काम झालेलं असतं. वाटी तेवढीच, गिळायला पातळ, पण आत अन्न दाट खिरीचं. अंगणवाडीत मी बायकांना हे करून दाखवते तेव्हा तोंडाने सांगण्यापेक्षा शंभरपट पटतं. वास खवट किंवा बुरशीसारखा आला तर पीठ सरळ टाकून द्या, ओलाव्यात हे लवकर बिघडतं, पावसाळ्यात एका वेळी आठवड्यापुरतंच करा.

तर तिचा दिवस असा ठेवा. पहिले चार-पाच दिवस मुगाचं कढण, जिरं-सुंठ-सैंधव घातलेलं, मऊ भात-वरण, ताजं गोड ताक, सगळं थोडंथोडं, दर अडीच-तीन तासांनी, तूप फक्त पाव चमचा. शी नीट बांधून होतेय, तोंडाला चव आलीय, वाटी दिसली की हात पुढे करतेय, असं झालं की खीर सुरू करा आणि तूप हळूहळू दर खाण्याला एक छोटा चमचा. एका चमच्यात चाळीस-पंचेचाळीस कॅलरी असतात, तूप नसेल तर शेंगदाण्याचं तेल चालतं, तूप परवडत नाही म्हणून रडत बसू नका. दिवसातून पाच-सहा वेळा, तिची वाटी वेगळी, म्हणजे किती गेलं ते कळतं, मोठ्यांच्या ताटात हात घालणारं मूल किती खातं ते कोणालाच माहीत नसतं. अंडं रोज एक. मटणाचं पाणी नको, मटणाचे बारीक मऊ तुकडे कुस्करून. कोणी म्हणेल आयुर्वेद आणि अंडं-मटण? अहो, चरकानेच लिहून ठेवलंय की शरीर भरून काढायला मांसासारखं दुसरं खाद्य नाही, आयुर्वेद म्हणजे शाकाहार हे कोणी आणि कधी ठरवलं मला माहीत नाही. तुमच्याकडे सुकट-जवळा असतोच, तो भाजून, खुडून, पूड करून चिमूटभर वरणात टाका, स्वस्तात प्रोटीन आणि कॅल्शियम. खात नसाल तर मूग, मसूर, शेंगदाण्याचं कूट, खवलेलं खोबरं, दही. शेवग्याचा पाला वरणात शिजवा.

चहा बंद. बिस्किटाचा पुडा आणि पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं पण. चहाने भूक मरते, अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि पाकीट खाल्लेलं मूल दोन तास वाटीकडे बघत नाही. भूक नाही म्हणून येणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जणांना मला औषध द्यावंच लागत नाही, हे बंद करून आठ दिवस थांबलं की झालं.

आता औषधं, ज्यासाठी तुम्ही विचारलं होतंत. भुकेसाठी आणि पोटासाठी मुलांमध्ये पूर्वापार वापरतात ते बालचातुर्भद्र चूर्ण: नागरमोथा, पिंपळी, अतिविष, काकडशिंगी. जुलाब, ताप, खोकला, उलटी यांच्यासाठी ते सांगितलंय, आणि वारंवार तेच होऊन मूल उतरत असेल तर छान काम करतं. मधातून देतात, तुमची लेक वर्षाच्या पुढे आहे म्हणून चालेल, वर्षाच्या आतल्या मुलाला मी मध अजिबात देत नाही, बोटुलिझमचा धोका असतो. जंतांसाठी वावडिंग. आणि सरकारी जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी मिळते, तीही द्या, एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी. अरविंदासव हे भुकेचं पातळ औषध बरेच जण बारा महिने चालू ठेवतात, माझं मत, भूक आली की बंद करा. अश्वगंधा दुधातून किंवा तुपातून पंधरा दिवस दिली तर कृश अंग भरतं, पावसाने पीक भरावं तसं, असं वाग्भटाने अष्टांगहृदय या ग्रंथात म्हटलंय, आणि ह्या एका श्लोकावर निम्मी टॉनिकं विकली जातात. पण अश्वगंधा जड आहे, अग्नी नसताना दिली तर पोट फुगतं. तुमच्या लेकीला मी ती तीन-चार आठवड्यांनी देईन, खाणं रुळल्यावर, आणि मात्रा वजन बघून ठरवेन, म्हणून इथे आकडा लिहीत नाही. भस्मं असलेलं काही, म्हणजे कुमारकल्याण वगैरे, त्यात सोन्याबरोबर पाऱ्याचे कल्प असतात, ते मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून तर अजिबात नको.

जुलाब लागले तर जेवण बंद करायचं नाही. दात येतायत म्हणून होतंय असं म्हणून सोडायचंही नाही. ओआरएस आणि झिंकची गोळी 14 दिवस, आशाताईकडे मिळते, शिवाय भाताची पेज मीठ घालून, दही-भात.

मालिश करा, जेवणाआधी, पोट रिकामं असताना, तिळाचं कोमट तेल किंवा बला तेल. अंगावर फोड, सोललेली कातडी किंवा ताप असेल तेव्हा नाही. आणि पोट पुढे आलंय म्हणून कोणी गरम विळ्याने चटके द्यायला सांगितलं तर त्या माणसाला उंबऱ्याबाहेरच ठेवा. कुपोषणात पोट येतं ते आतडी-स्नायू सैल पडल्यामुळे, जंतांमुळे, कधी यकृत वाढल्यामुळे, चटका देऊन त्यातलं काहीही जात नाही, जखम चिघळून मूल जातं.

तुमच्याबद्दल कोणीच काही विचारलं नाही, तुम्हीही लिहिलं नाहीत. आमच्याकडे पारिगर्भिकाची मुलगी समोर आली की मी आधी आईच्या पापण्या खाली ओढून बघते, बहुतेक वेळा पांढऱ्याफटक. पहिलीच्या पाठोपाठ दुसरं, मधे शरीर भरायला वेळच नाही, मग पोटातलं अडीच किलोच्या आत जन्मतं आणि तेच पुढे माझ्याकडे येतं. रक्त तपासा. लोह-फॉलिकच्या गोळ्या रोज घ्या, चहासोबत नाही, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर. मळमळ होत असेल तर रात्री झोपताना. आदिवासी भागात असाल तर अमृत आहार योजनेत अंगणवाडीत गरोदर बाईला एक वेळचं पूर्ण गरम जेवण मिळतं, तिथे बसूनच खा, डबा घरी आणला की त्याचे चार वाटे होतात आणि तुमच्या वाट्याला चौथा. लेकीचा घरी न्यायचा आहारही दर महिन्याला मागून घ्या, त्याची चव आवडत नसेल तर गूळ-तुपात परतून लाडू वळा. आणि दुसरं झाल्यावर पाळणा कसा लांबवायचा ते बाळंतपणाआधीच नर्सबाईंशी बोलून ठेवा.

तुम्ही दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा शेतमजुरीला बाहेर जाणार असाल, आमच्याकडे त्याला जगायला जाणं म्हणतात, तर जायच्या आधी ताईंकडून वजनाचं कार्ड आणि लसीचं कार्ड सोबत घ्या आणि पोचल्यावर तिथल्या अंगणवाडीत नाव सांगा. ऑगस्टमध्ये सावरलेलं मूल मार्चमध्ये परत येतं तेव्हा माप बारावरून अकरावर आलेलं असतं, ह्याला माझ्याकडचं कुठलंही चूर्ण पुरत नाही. अग्नी कितीही पेटवा, वर ठेवायला काही नसेल तर काय करणार. महाराष्ट्रात 2019-21 च्या पाहणीत पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि पंचवीस टक्क्यांहून जास्त उंचीच्या मानाने बारीक निघाली, ही सगळी काही मंदाग्नीची केस नाहीये.

दर पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर वजन करा, कपडे काढून. महिन्याला चारशे-पाचशे ग्रॅम वाढलं तर उत्तम चाललंय. एवढं सगळं नीट करूनही सहा आठवड्यांत काटा हलला नाही तर मग पोटात काही दडलंय, टीबी, लघवीचा संसर्ग, गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणतात तो सिलियाक, हृदयाला छिद्र, हे बघावंच लागतं. घरात कोणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर मला सहा आठवडे पण थांबायचं नाही, आधी टीबीची तपासणी. आणि मूल मलूल पडलं, वाटी ढकलून देतंय, अंग गार लागतंय, श्वास जोरात चाललाय, उलट्या थांबत नाहीत, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी दवाखाना. कुपोषित मुलाला आतून मोठा संसर्ग असला तरी ताप येईलच असं नसतं, उलट अंग गार पडतं, हे लक्षात ठेवा, तापाची वाट बघू नका.

सुवर्णप्राशनाचं विचारलंत. पुष्य नक्षत्राला रांगा लागतात, मला माहितीये. काश्यपाच्या लेहाध्यायातून, म्हणजे चाटणांच्या अध्यायातून, ते आलंय, बुद्धी, अग्नी, बळ यासाठी सांगितलंय, पण कोणत्या मुलांना चाटण द्यायचं नाही याची यादीही त्याच अध्यायात आहे, अग्नी मंद असलेली, जुलाब होणारी, पांडू म्हणजे रक्त कमी झालेली. तुमची लेक आज त्याच यादीत बसते. ते पैसे अंड्यांना आणि तुपाला लावा.

आणि दूध. म्हशीचं जड, चांगला अग्नी असलेल्यांचं, ते आत्ता नको. गाईचं चालेल. शेळीचं मिळत असेल तर मला जास्त आवडेल, हलकं असतं आणि जुलाब-खोकला-क्षय असलेल्यांसाठी ग्रंथात तेच सांगितलंय, फक्त त्यात फॉलिक कमी असतं म्हणून एकट्या शेळीच्या दुधावर मूल ठेवायचं नाही. कच्चं कुठलंच नको. एक भाग दुधात तेवढंच पाणी आणि ठेचलेली चार-पाच वावडिंगं किंवा सुंठेचा छोटा तुकडा घालून पाणी आटेपर्यंत उकळा, दूध तेवढंच राहिलं की गाळून घ्या, म्हणजे ते पातळही होत नाही आणि पचायला हलकं होतं. दिवसाला चारशे-पाचशे मिली पुरे, त्याच्या वर गेलं की जेवणाची भूक मरते आणि लोह कमी पडतं. बाटलीने देऊ नका, वाटी-चमच्यानेच पाजा, आणि जेवणाच्या आधी नाही, नंतर.